हरलेल्यांचा वाटा : आयातीमुळे बेकार झालेल्या अमेरिकन कामगारांच्या सरकारी मदतीची साठ वर्षं



मागच्या वेळी आपण गॅट करारापाशी थांबलो होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर देशादेशांनी बसून आयातशुल्क कसं खाली आणलं, हे आपण पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, ‘‘शुल्क खाली आलं, माल स्वस्त झाला, हे ठीक. पण ज्याचा कारखाना बंद पडला त्याचं काय?’’ मी तेव्हा म्हटलं होतं की याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे. ज्या देशानं या प्रश्नासाठी कायदा केला आणि साठ वर्षं तो चालवला, तो देश अमेरिका. योजनेचं नाव ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’. आपण तिला नुसतं ‘टीएए’ म्हणू या.

सुरुवात मधूनच करतो. 30 जुलै 2003. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅनापोलिस नावाचं गाव आहे. गाव कसलं, गिरणगावच ते. कॅनन नावाच्या कुटुंबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीन घेऊन कापडगिरणी काढली आणि गिरणीभोवती वस्ती वसवली. घरं कंपनीची, रस्ते कंपनीचे. हे गाव कागदोपत्री नगरपालिका झालं ते थेट 1984 साली. तोवर सगळा कारभार कंपनीच बघायची. टॉवेल आणि चादरी हा मुख्य माल. अमेरिकेतल्या घराघरांत ‘कॅनन’चा टॉवेल असायचा. पुढे कंपनी हातं बदलत बदलत ‘पिलोटेक्स’ या कंपनीकडे आली. ती एकदा दिवाळखोरीत गेली, सावरली, पुन्हा बुडाली, आणि त्या दिवशी सगळं बंद झालं. एका कॅनापोलिस परिसरातच चार हजारांहून जास्त माणसं एका दिवसात घरी बसली. त्या राज्याच्या इतिहासातली एका फटक्यात झालेली ती सगळ्यात मोठी कामगार कपात मानली जाते.

आता या माणसांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बरेचसे चाळिशी-पन्नाशीतले. सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत लागलेले, कारण आई-वडीलही तिथेच होते. हातात शाळा पूर्ण केल्याचा दाखला नाही. आणि अमेरिकेत एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे : तिथे आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो. नोकरी गेली की पगार जातो आणि त्याच दिवशी दवाखान्याचा आधारही जातो. अशा माणसाला सरकारी माणूस येऊन सांगतो, की काळजी करू नका, तुमच्यासाठी एक कायदा आहे. तो कायदा काय होता, कुठून आला आणि त्यानं शब्द पाळला का, एवढंच आज बघायचं आहे.

त्यासाठी पन्नास वर्षं मागे जाऊ. 1953-54 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात परराष्ट्र व्यापाराचं धोरण ठरवायला एक आयोग नेमला गेला. अध्यक्ष क्लॅरन्स रँडल, स्वतः पोलाद कंपनीचे प्रमुख. या आयोगात कामगारांच्या बाजूनं डेव्हिड मॅकडोनाल्ड होते, पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष. मॅकडोनाल्ड यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. ते असं म्हणाले नाहीत की आयात थांबवा. त्यांचं म्हणणं, व्यापार खुला करा, पण देशानं घेतलेल्या निर्णयामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला देशानं सांभाळावं; भत्ता द्यावा, नवीन काम शिकवावं, लागलं तर दुसऱ्या गावी जायला खर्च द्यावा. आयोगातल्या बहुमतानं हे फेटाळलं. पण मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरला ही कल्पना पटली आणि त्यानं 1954 सालीच तसं विधेयक मांडलं. त्याचं नाव जॉन केनेडी.

केनेडींना ही कल्पना का पटावी? त्यांचं राज्य म्हणजे जुन्या कापडगिरण्यांचा मुलूख. तिथल्या गिरण्या एक-एक करून बंद पडत होत्या. आणि गंमत बघा, त्या परदेशी मालामुळे नव्हे, तर दक्षिणेकडच्या राज्यांत मजुरी स्वस्त म्हणून तिकडे जात होत्या. म्हणजे कॅरोलायनाच्या गिरण्या वाढल्या त्या काही अंशी मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांच्या जिवावर. आपल्याकडे मुंबईतून भिवंडीच्या मागांकडे काम गेलं, साधारण तसं. पन्नास वर्षांनी कॅरोलायनावर तीच पाळी आली, फक्त या वेळी काम समुद्रापलीकडे गेलं.

1961 साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले. युरोपात सामायिक बाजारपेठ उभी राहिली होती. तिच्याशी वाटाघाटी करून शुल्क खाली आणायचं तर राष्ट्राध्यक्षांना शुल्क निम्म्यापर्यंत कमी करण्याचा अधिकार हवा होता, आणि तो काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून मिळवायचा होता. खासदार घाबरत होते, की मतदारसंघातला कारखाना बंद पडला तर लोकांना काय सांगायचं? जानेवारी 1962 च्या संदेशात केनेडींनी जे मांडलं त्याचा आशय असा, की राष्ट्राच्या हितासाठी शुल्क कमी करायचं असेल तर त्याचा सगळा भार ज्याला झळ बसली त्या एकट्यावर पडू नये, त्यातला काही केंद्र सरकारनं उचलावा. कामगार संघटनांनी या आश्वासनावर पाठिंबा दिला. 11 ऑक्टोबर 1962 रोजी व्यापार विस्तार कायद्यावर सही झाली आणि टीएए जन्माला आली.

कायदा वाचला तर उदार वाटतो. आधीच्या सरासरी पगाराच्या 65 टक्क्यांपर्यंत भत्ता, एक वर्षभर. शिवाय प्रशिक्षण आणि स्थलांतराचा खर्च. पण सगळी मेख पात्रतेच्या अटीत होती. कामगारांना दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. एक, आयात वाढली ती मुख्यतः सरकारनं दिलेल्या शुल्क-सवलतीमुळेच वाढली. आणि दोन, त्या वाढलेल्या आयातीमुळेच प्रामुख्यानं नोकरी गेली. मला सांगा, बुटांच्या कारखान्यातल्या कामगारानं हे सिद्ध कसं करायचं? इटलीचा बूट स्वस्त आहे तो शुल्क कमी झालं म्हणून, की तिकडची मजुरी कमी म्हणून, की फॅशन बदलली म्हणून? हे तर अर्थतज्ज्ञालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

परिणाम काय झाला? 1962 पासून नोव्हेंबर 1969 पर्यंत, सात वर्षं, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. एकही नाही. शुल्क मात्र ‘केनेडी फेरी’ नावाच्या वाटाघाटींत ठरल्याप्रमाणे खाली आलं. सौद्याची एक बाजू पूर्ण झाली आणि दुसरी कागदावरच राहिली. कामगार चळवळीचा सूर बदलला तो इथे. ज्या संघटनांनी 1962 साली हात वर केला होता, त्यांचे पुढारी दहा वर्षांत या योजनेला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणू लागले. म्हणजे माणूस जगवायचा नाही, फक्त नीट पुरायचा. हा शब्द पुढे पन्नास वर्षं टिकला.

1970 च्या दशकात पुन्हा वाटाघाटींची फेरी आली, पुन्हा राष्ट्राध्यक्षांना अधिकार हवे होते, आणि पुन्हा टीएए बाहेर काढली गेली. 1974 चा व्यापार कायदा, सही झाली 3 जानेवारी 1975 रोजी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची. या वेळी अटी खरोखर सैल केल्या. शुल्क-सवलतीशी संबंध दाखवायची गरज उरली नाही. आयात हे मुख्य कारण असण्याचीही गरज नाही. तिचा नोकरी जाण्यात ‘महत्त्वाचा वाटा’ असला की पुरे. निर्णय कामगार खात्याकडे आला. किमान तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा, किंवा त्यांच्या युनियननं. खात्याचे तपासनीस कंपनीकडून विक्री-उत्पादनाचे आकडे घेणार, तिच्या गिऱ्हाइकांना विचारणार, की बाबांनो, तुम्ही इथला माल सोडून परदेशी माल घेऊ लागलात का? आणि साठ दिवसांत निकाल. भत्ता पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत.

आता योजना चालू लागली. आणि मग आली 1979-80 ची मोटार उद्योगातली पडझड. तेलाचे भाव भडकले, लोकांना छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या हव्या झाल्या, त्या जपानकडे होत्या. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी लाखो कामगारांना ले-ऑफ दिला. 1980 या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कामगारांना टीएएचा भत्ता मिळाला आणि खर्च गेला सुमारे 160 कोटी डॉलरवर.

इथे एक बारकावा सांगतो, कारण कायद्यातला एखादा शब्द माणसाचं नशीब कसं ठरवतो ते यातून दिसतं. त्याच 1980 साली मोटार कामगारांची युनियन आणि फोर्ड कंपनी दुसऱ्या एका सरकारी आयोगाकडे गेली होती, जपानी गाड्यांवर बंधन घाला म्हणून. आयोगानं तीन विरुद्ध दोन मतांनी नाही म्हटलं. का? तर त्या कलमात आयात हे इतर कोणत्याही कारणापेक्षा कमी नसलेलं कारण असावं लागे, आणि आयोगाच्या मते मंदी हे त्याहून मोठं कारण होतं. म्हणजे संकट तेच, कामगार तेच, वर्ष तेच. एक खातं म्हणतं तुम्ही आयातीचे बळी आहात, दुसरं म्हणतं तुम्ही मंदीचे बळी आहात. दोघंही आपापल्या कायद्याप्रमाणे बरोबर.

आणखी एक गोष्ट उघडकीला आली. भत्ता घेणाऱ्यांतले बरेच जण काही महिन्यांनी त्याच कंपनीत परत कामावर गेले. ती तात्पुरती कपात होती. काहींना तर चेक मिळाला तो कामावर परत गेल्यावर, थकबाकी म्हणून एकरकमी. प्रशिक्षण घेणारे अगदी थोडे. त्यामुळे टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं, की ही कसली ‘अ‍ॅडजस्टमेंट’, हा तर जादा बेकारी भत्ता आहे.

1981 साली राष्ट्राध्यक्ष रेगन आले आणि त्यांनी पहिल्याच अंदाजपत्रकात कात्री लावली. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही, तो नीट ऐकू या. ते म्हणत, एका माणसाची नोकरी जपानी गाडीमुळे गेली, शेजाऱ्याची नोकरी यंत्रामुळे गेली, तिसऱ्याची मालकाच्या मूर्खपणामुळे गेली. तिघांच्या घरी चूल सारखीच थंड आहे. मग पहिल्यालाच जास्त का? याला उत्तर देता येतं. पहिल्याची नोकरी जाण्यामागे सरकारनं जाणूनबुजून केलेला करार आहे, आणि त्या कराराचा फायदा बाकी सगळ्यांना मिळालेला आहे. पण हे उत्तर देणारा तेव्हा संसदेत कुणी उरला नव्हता, कारण कुठला करार मंजूर करून घ्यायचा नव्हता. भत्ता साध्या बेकारी भत्त्याच्या पातळीवर आणला, आणि तो संपल्यावरच द्यायचा असं ठरलं. 160 कोटींचा खर्च दोन वर्षांत सुमारे 10 कोटींवर आला. आणि हे नेमकं त्या वर्षांत, जेव्हा ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक विझत होत्या.

तुमच्या लक्षात आलं असेल, इथे एक नमुना तयार होतो आहे. पुढच्या तारखा त्याच्यावर ठेवून बघा. 1988 साली मोठा व्यापार कायदा, राष्ट्राध्यक्षांना नव्या वाटाघाटींचे अधिकार. त्यात टीएएचं प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला, आणि भत्ता हवा तर प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, ही अटही आली. 1993 साली मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार. मतं कमी पडत होती म्हणून ‘नाफ्टा-टीएए’ ही वेगळी योजना जोडली. 2002 साली राष्ट्राध्यक्ष बुश यांना व्यापाराचे खास अधिकार हवे होते. प्रतिनिधिगृहात ते 215 विरुद्ध 212 अशा काठावरच्या मतांनी मिळाले, आणि त्याच कायद्यात टीएएचा मोठा विस्तार. 2011 साली दक्षिण कोरिया, कोलंबिया, पनामा यांच्याशी करार. त्याबरोबर टीएएला मुदतवाढ. 2015 साली राष्ट्राध्यक्ष ओबामांना अधिकार, पुन्हा टीएए. अपवाद एकच मोठा, 2009. तेव्हा मंदीच्या काळातल्या पॅकेजमध्ये ती वाढली. पण बाकी बघा, कारखाने केव्हा बंद पडत होते यावर योजनेची वाढ अवलंबून नव्हती. संसदेत व्यापाराचं विधेयक केव्हा आलं यावर होती.

अशा रीतीनं शिवलेली गोधडी कशी दिसणार? ठिगळांचीच. नाफ्टा-टीएए घ्या. तुमचा कारखाना मालकानं मेक्सिकोला हलवला तर तुम्ही पात्र. तोच कारखाना मलेशियाला हलवला तर, आयात वाढल्याचं दाखवता आलं नाही तर, अपात्र. कामगारानं काय करायचं, मालकाला विनंती करायची की साहेब, हलवायचाच असेल तर मेक्सिकोला हलवा?

दुसरं ठिगळ आपल्या जवळचं आहे. 2000 नंतर अमेरिकेतल्या संगणक क्षेत्रातल्या काही कर्मचाऱ्यांनी अर्ज केले, की आमचं काम भारतात गेलं. कायद्यात शब्द होता ‘वस्तू’. कामगार खातं म्हणालं, सॉफ्टवेअर ही वस्तू नाही. ते सीडीवर भरून विकलं असतं तर वेगळं. प्रकरणं न्यायालयात गेली, न्यायाधीशांनी खात्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि 2006 मध्ये खात्यानं मान्य केलं की हातात धरता न येणारं सॉफ्टवेअरही वस्तू असू शकतं. सेवा क्षेत्रातले कामगार सरळसरळ पात्र ठरले ते 2009 साली. हिंजवडीत आणि बंगळुरूत ज्यांच्या घरी त्या वर्षांत पहिली नोकरी आली, त्यांच्या गोष्टीची ही दुसरी बाजू आहे.

आता परत कॅनापोलिसला जाऊ. 2003 साली तिथल्या कामगारांना नुकताच सुधारलेला, 2002 चा कायदा लागू झाला. कागदावर तोपर्यंतचा सगळ्यात चांगला. बेकारी भत्ता धरून साधारण दोन वर्षं भत्ता, प्रशिक्षणात असाल तर. शाळेचा अभ्यास आधी पूर्ण करायचा असेल तर आणखी 26 आठवडे. फी, पुस्तकं सरकारकडून. आरोग्य विम्याच्या हप्त्यातले 65 टक्के सरकार भरणार.

कामगार गेले जवळच्या रोवन-कॅबॅरस कम्युनिटी कॉलेजात. ज्यांनी तीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या, ती माणसं पुन्हा बाकावर बसली. आधी शाळेचा दाखला, मग नर्सिंग सहायक, एसी-हीटिंग दुरुस्ती, संगणक. काहींनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. यातली बरीच माणसं खरोखर पुढे गेली, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर ‘सरकारी योजना म्हणजे फुकट’ असा सोपा निष्कर्ष आपण काढू.

पण अडचणी कुठे आल्या तेही बघा. एक, मुदत. मंजुरीनंतर आठ आठवडे किंवा नोकरी गेल्यापासून सोळा आठवडे, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत प्रशिक्षणात नाव घातलं पाहिजे, नाहीतर भत्ता नाही. धक्क्यातून न सावरलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांत उरलेल्या आयुष्याचा धंदा निवडायला सांगायचं. पुढे 2009 मध्ये ही मुदत 26 आठवडे केली. दोन, विमा. सरकार 65 टक्के भरणार हे खरं, पण उरलेले 35 टक्के बेकार माणसानं भरायचे. अनेकांना ते झेपलं नाही. तीन, नोकरी. शिकून बाहेर पडल्यावर गावात काम हवं ना. गिरणीच्या जागी पुढे डेव्हिड मरडॉक या उद्योगपतीनं संशोधन संकुल उभं करायचं जाहीर केलं. हेच गृहस्थ 1980 च्या दशकात काही वर्षं गिरणीचे मालक होते. जीवशास्त्र, पोषणशास्त्र, प्रयोगशाळा. गावाला नवं जीवन मिळालं, पण प्रयोगशाळेतल्या नोकऱ्या गिरणीएवढ्या नव्हत्या आणि पन्नाशीतल्या शिलाई कामगाराला त्या सहज मिळणाऱ्याही नव्हत्या.

पन्नाशीच्या पुढच्यांसाठी 2002 च्या कायद्यात एक वेगळी सोय होती, तिला ‘वेतन विमा’ म्हणतात. प्रशिक्षण नको, लगेच मिळेल ती नोकरी धरा. पगार कमी असेल तर फरकाचा निम्मा हिस्सा सरकार दोन वर्षं देईल, जास्तीत जास्त 10,000 डॉलर. समजा जुनी मजुरी तासाला 15 डॉलर, नवी 11. फरक चारचा, सरकार देणार दोन. चाळीस तासांच्या आठवड्याला 80 डॉलर. फार नाही, पण घरभाड्याला हातभार. अभ्यासकांना हा भाग आज सगळ्यात आश्वासक वाटतो, कारण माणूस लवकर कामाला लागतो. पण फार थोड्यांनी तो घेतला. पुष्कळांना तो आहे हेच माहीत नव्हतं.

मग शेवटी उपयोग झाला का? इथे संशोधक भांडतात, आणि ते भांडण समजून घेण्यासारखं आहे. 2012 साली सरकारनं करवून घेतलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की नोकरी गेल्यानंतर चार वर्षांनी टीएए घेतलेल्यांची कमाई, न घेतलेल्या तशाच कामगारांपेक्षा कमी होती. विरोधकांनी हे उचलून धरलं. पण ‘तशाच’ कामगार म्हणजे कोण? ज्याला पटकन नोकरी मिळते तो प्रशिक्षणाला जातच नाही. मग बेंजामिन हायमन या अर्थशास्त्रज्ञानं एक युक्ती केली. अर्ज कुठल्या तपासनीसाकडे जाईल हा नशिबाचा भाग. काही तपासनीस सढळ, काही कडक. म्हणजे जवळपास सारखेच कामगार, कुणाला मदत मिळाली, कुणाला नाही, केवळ टेबल बदललं म्हणून. त्यांची तुलना केली तर दिसलं, की मदत मिळालेल्यांनी दहा वर्षांत सुमारे 50,000 डॉलर जास्त कमावले. मात्र दहाव्या वर्षाच्या आसपास हा फरक विरून जातो. म्हणजे औषध लागू पडतं, पण कायमचं नाही.

माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. चीनची आयात ज्या जिल्ह्यांत आदळली त्यांचा अभ्यास डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं, की अशा जिल्ह्यांत सरकारी मदतीचा ओघ वाढतो, पण तो टीएएतून नाही. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, वैद्यकीय मदत, मुदतीआधीची पेन्शन यांतून. टीएएची वाढ माणशी काही सेंट, अपंगत्वाच्या पेन्शनची वाढ माणशी काही डॉलर. म्हणजे या कामासाठीच काढलेलं दार इतकं अरुंद होतं, की लोक दुसऱ्या दारांनी आत शिरले. आणि अपंगत्वाच्या दारातून आत गेलेला माणूस सहसा कामावर परत येत नाही.

आता शेवटचा अंक. 12 जून 2015. ओबामांचे व्यापाराचे अधिकार आणि टीएए एकाच पुडक्यात बांधले होते. दोन्ही मंजूर झाले तरच पुढे. कामगार संघटनांना अधिकार द्यायचे नव्हते. मग त्यांनी काय केलं? स्वतःच्याच योजनेविरुद्ध मत द्यायला सांगितलं. टीएए 126 विरुद्ध 302 मतांनी पडली, आणि तिला पाडणाऱ्यांत कामगारांचे मित्र म्हणवणारे डेमोक्रॅट मोठ्या संख्येनं होते. दोन आठवड्यांत पुडकं सोडून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मंजूर करून घेतल्या, ते सोडा. पण त्या दिवशी उघड झालं की मदतीच्या बदल्यात संमती हा 1962 चा सौदा मोडला आहे. ‘अंत्यविधीचा विमा’ घेऊन मरायला कुणी तयार नव्हतं.

त्यानंतर अमेरिकेचं राजकारणच फिरलं. नुकसानभरपाई देण्याऐवजी आयातच अडवा, शुल्क वाढवा, हा सूर दोन्ही पक्षांत चढला. नवे करार कुणालाच नको होते. आणि करार नको म्हटल्यावर त्याची किंमत तरी कोण मोजणार? 2015 च्या कायद्याची मुदत संपत आली, काँग्रेसनं वाढवली नाही, आणि 1 जुलै 2022 पासून नवा अर्ज मंजूर करण्याचा अधिकारच खात्याकडे उरला नाही. 1975 पासून सुमारे 50 लाख कामगारांना पात्र ठरवणारी योजना भाषणं न होता थांबली.

आपल्याकडचं थोडं सांगून थांबतो, कारण प्रश्न येणारच. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारनं 1986 साली पुनर्वसन निधी काढला होता. पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. 1992 साली उदारीकरणाबरोबर ‘राष्ट्रीय नूतनीकरण निधी’ आला. त्यातला बराचसा पैसा सार्वजनिक उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला, प्रशिक्षणाला थोडाच आला. आणि एक लक्षात ठेवा. 1 जानेवारी 2005 रोजी कापडाचा जागतिक कोटा संपला. आज अमेरिकेत टॉवेल-चादरी पाठवणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे, आणि त्यात आपल्या सोलापूरचे मागही आहेत. कॅनापोलिसचं नुकसान आणि सोलापूरची ऑर्डर या एकाच टॉवेलच्या दोन कडा आहेत. उद्या कुणा तिसऱ्या देशाचा टॉवेल स्वस्त झाला, किंवा वॉशिंग्टननं शुल्क चढवलं, तर आपल्या मागावरच्या बाईसाठी कुठला कायदा आहे, हा प्रश्न आपण आपल्या खासदाराला विचारायला हवा.

त्या ताईंनी विचारलं होतं, कारखाना बंद पडला त्याचं काय? इतिहासाचं उत्तर असं, की जिंकणाऱ्यांच्या नफ्यातून हरणाऱ्यांची भरपाई करता येते, हे अर्थशास्त्र सांगतं आणि ते खरं आहे. पण ‘करता येते’ आणि ‘केली जाते’ यांत संसद असते. हरणाऱ्याच्या मताची गरज होती तोवर भरपाई मिळाली, तीही अर्धीमुर्धी. म्हणून असा कायदा करायचा तर तो एखाद्या कराराच्या शेपटाला बांधू नये. नोकरी कशामुळे गेली हे न विचारता, गेली एवढ्यावर मदत मिळावी आणि ती कराराआधी उभी असावी, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

पाणी पिऊन घेतो. मग प्रश्न घेऊ या.